येऊन राहिलो

पहिला दिवस (२४ जानेवारी, संध्याकाळ)

गाडी नागपूरच्या फलाटाला लागली आणि मी व्याह्यांना फोन लावला. ते म्हणाले, "ईनबाई, आरामात उतरा. मी ठेसनवर येऊन राहिलो."

येऊन राहिलो. म्हणजे आले आणि थांबले. बॅग, पिशवी आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा खोका सांभाळत मी बाहेर आले आणि प्रत्येक पांढऱ्या मिशीत व्याही शोधू लागले. एकही मिशी ओळख देईना. पुन्हा फोन. "हो न जी, येऊनच तं राहिलो!" मागे हॉर्न वाजत होते.

चाळीस मिनिटं उभी होते. तेवढ्यात स्टेशनची इमारत मात्र नीट पाहून झाली. १९२५ सालची, वालुकाश्माची, दणकट. आपण थकून आल्यावर अशा इमारतीकडे कोण बघतं? मला व्याह्यांनी बघायला लावलं.

ते आले ते हेल्मेट काढतच. "झाला का जी तरास? रस्त्यानं बम गर्दी होती."

"अहो, पण तुम्ही तर येऊन राहिलात म्हणालात."

"हो. येऊनच राहिलो होतो." त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मला उत्तर कळायला घर यावं लागलं.

आपल्याकडे 'बसून राहिला' म्हणजे उठायचं नाव घेईना. नागपुरात 'राहणे' हे क्रिया चालू असल्याचं चिन्ह आहे, बाकी काही नाही. येऊन राहिलो म्हणजे येतोय. हिंदीतलं 'आ रहा हूँ' मराठीचे कपडे घालून बसलंय असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. हे शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, आणि देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं ती मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणाऱ्या प्रांताची. दोनशे-अडीचशे वर्षं दोन भाषा एकाच ओट्यावर बसल्या तर एकीचा पदर दुसरीला लागणारच.

हे मला आत्ता सुचतंय. तीसएक वर्षांपूर्वी सुचलं नाही. मी साताऱ्यात मराठी शिकवायची. वडिलांची बदली झाली म्हणून नागपूरहून एक मुलगा आठवीत आला. निबंधात त्यानं लिहिलं होतं, 'मी मामाच्या घरी पतंग उडवून राहिलो होतो.' मी लाल शाईनं गोल केला आणि समासात लिहिलं, 'अजून उडवतोस का?' वर्गात वाचूनही दाखवलं. पोरं हसली. त्यानंतर त्या मुलाचा निबंध दहा ओळींच्या पुढे कधी गेला नाही. आणि हे करणारी मी कोण, तर जिची आई जन्मभर 'काय करतीयास गं' आणि 'हाय की' म्हणत आली, तिची मुलगी.

व्याह्यांचं घर महालात, चिटणवीसपुऱ्याच्या अलीकडे. विहीणबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळला. चार वर्षांची नात पलंगाखालून ओरडली, "आजी, तू काहून उशिरा आली?"

दुसरा दिवस (२५ जानेवारी)

"उपाशीपोटी इतिहास पचत नाही जी," असं म्हणून व्याह्यांनी आधी पोह्यांच्या टपरीपाशी स्कूटर थांबवली. नागपूरचे तर्री पोहे ऐकून माहीत होते. पाहिले पहिल्यांदा. पोहे साधेच, पिवळे, वाफवलेले. बशीत त्यांचा ढीग, त्यावर पोऱ्यानं पळी वाकडी करून फक्त वरचा लाल तवंग सोडला, मग पळी खाली बुडवून हरभरे काढले, मग कांदा, मग शेव. तर्री म्हणजे तो तवंग. पहिल्या घासाला चव लागते, दुसऱ्याला कान लाल होतात. "सांबार टाकू का ताई?" पोऱ्यानं विचारलं. पोह्यांवर सांबार? मी घाबरून नको म्हटलं. शेजारच्या बशीत त्यानं कोथिंबीर भुरभुरवली तेव्हा कळलं. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुढच्या चार दिवसांत स्वयंपाकघरातही माझी अशीच फजिती झाली: पातेल्याला गंज, उलथन्याला सराटा, विळीला पावशी, बटाट्याला आलू. विहीणबाईंनी गंज मागितला की मी तवा उचलायची.

महाल म्हणजे जुनं नागपूर. गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं बारा खेडी जोडून १७०२ साली हे गाव वसवलं. बख्त बुलंद हे नाव त्याला औरंगजेबाच्या दरबारी मिळालेलं. दरवर्षी शहराच्या इतिहासाचे लेख भोसल्यांपासून सुरू होतात आणि हा माणूस एका ओळीत संपतो. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानी देवगडहून इथं आणली, गावाभोवती तट बांधला, नाल्याला बांध घालून तळं केलं. त्या तळ्याचं नाव जुम्मा तलाव. मग शुक्रवार तलाव. आता गांधीसागर. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. जुम्मा म्हणजे शुक्रवार, त्यामुळे अरबीतून मराठीत आणि मराठीतून महात्म्याकडे असा एकाच पाण्याचा प्रवास. पाणी आहे तिथंच आहे.

वारांची नावं तर इथं गावभर सांडलेली. आमच्या साताऱ्यातही शनिवार, गुरुवार, मंगळवार आहेत, पण त्यांच्या मागे 'पेठ' असते. इथं नुसतं इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी; शिवाय जुनी आणि नवी. व्याही रिक्षावाल्याशी बोलत होते, "नव्या शुक्रवारीतून जुन्या शुक्रवारीत, तिथून इतवारी." बाहेरच्याला वाटावं हा माणूस कॅलेंडर घेऊन भांडतोय.

गोंड राजाचा किल्ला महालातच आहे. 'किल्ला' म्हणावं असं आज फार उरलेलं नाही. गल्ली वळली की दरवाजा, आत वस्ती, दोरीवर वाळत घातलेले कपडे. आत राहणाऱ्यांचं ते घर आहे, त्यामुळे आम्ही उंबऱ्याबाहेरच थांबलो. मला जे पाहायचं होतं ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच. चांद सुलतान १७३९ मध्ये वारला. गादीसाठी भाऊबंदकी सुरू झाली आणि राणीनं मदतीला बोलावलं ते वऱ्हाडात असलेल्या रघुजी भोसल्यांना. रघुजींनी मदत केली, मुलांना गादीवर बसवलं, परत गेले. मग त्याच दोन भावांत बिनसलं. रघुजी पुन्हा आले, ते १७४३ मध्ये आले ते कायमचे. पण त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार लक्षात राहिली. गोंड राजा बुर्‍हाण शाह याला हाकललं नाही. नागपुरातच ठेवला, तनखा दिला, 'संस्थानिक' हा मान दिला, आणि काही महसुली कागदांवर त्याचीच मोहोर उमटत राहिली. राज्य भोसल्यांचं, शिक्का गोंडाचा. त्याच्यापाशी मोहोर उरली होती आणि बाकी काही उरलं नव्हतं.

देऊरचा विषय इथंच निघाला. नागपूरकर भोसल्यांचं घराणं आमच्याकडचं, वाठार स्टेशनजवळच्या देऊरचं. येताना अंधारात ते स्टेशन गेलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते, दिसलं काहीच नाही. सेनासाहेब सुभा हा त्यांचा किताबही साताऱ्याच्या शाहू महाराजांचा. व्याह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंजे तुमच्याच गावच्यांनी घेतलं का आमचं गाव?" मी पेढा पुढे केला.

भोसल्यांच्या वाड्याला १८६४ मध्ये आग लागली, त्यामुळे जे मोठं वैभव वाचतो ते बहुतेक कागदावरच. पण त्याआधीच ते विकून झालं होतं. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला गेले, मुलगा नव्हता, डलहौसीनं दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल मातीमोल विकले गेले. दागिने कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले. दत्तक मुलाला पुढे इंग्रजांनी किताब दिला, तो कुठला, तर राजे बहादूर ऑफ देऊर. नागपूर घेतलं आणि देऊर परत दिलं. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून पहिल्या रघुजींची तलवार महाराष्ट्र सरकारनं विकत आणली, तेव्हा सगळीकडे आनंद झाला. मलाही झाला. आपलीच वस्तू पैसे मोजून आणायचा आनंद थोडा चमत्कारिक असतो एवढंच.

या सगळ्या पडझडीत एक बाई उभी आहे, बाकाबाई. दुसऱ्या रघुजींची विधवा, तेव्हा वयानं बरीच थकलेली. १८५७ मध्ये तिनं आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिलं नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. नागपूरनं तिला माफ केलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. कागद-बांबूचे बाईचे प्रचंड पुतळे, बरोबर बडग्या नावाचे पुरुषी पुतळे, आणि हजारो लोक ओरडतात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचं. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बाकाबाई, असं लोक सांगतात. हल्ली बडग्यांच्या गळ्यात महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत कुणाचीही पाटी असते.

जागनाथ बुधवारीत जिथं पिवळी मारबत तयार होते त्या गल्लीतून आम्ही गेलो. जानेवारीत तिथं काही नव्हतं, एक म्हातारे गृहस्थ उन्हात पेपर वाचत होते. व्याह्यांनी लहानपणीची आठवण काढली. "माही माय मले मारबतीखालून काढे. पोराची नजर उतरते म्हणे." मी विचारलं, बाकाबाईबद्दल तुम्हाला काय वाटतं? ते थोडं थांबले. "ईनबाई, राज्य गेलं, वाडा गेला, जवळ सैन्य नाही. म्हातारीनं का करायचं होतं?" मग पुढे, "पण मारबत तं जाळावीच लागते न जी." मला दोन्ही उत्तरं पटली.

संध्याकाळी इतवारीतून परतताना एम्प्रेस मिलच्या जागेवरून गेलो. जमशेदजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून एम्प्रेस. गिरण्या मुंबईत काढायच्या सोडून नागपुरात का? कापूस इथं, कोळसा जवळ, आणि रेल्वे आलेली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन टाटा भराव घालत होते तेव्हा एका मारवाडी सावकारानं पैसे द्यायला नकार दिला: हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय. गिरणी चालल्यावर तोच म्हणाला, यानं माती टाकली आणि सोनं काढलं. गिरणी २००२ मध्ये बंद पडली. तिथं आता मॉल आहे. कोष्टी, हलबा, महार कामगारांच्या किती घरांचं धान्य त्या भोंग्यावर शिजत होतं हे मॉलच्या सरकत्या जिन्यावर उभं राहून कळत नाही.

रात्री सावजी मटण. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसत मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. याहून जास्त लिहिणार नाही, सावजीवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तिसरा दिवस (२६ जानेवारी)

ही तारीख धरूनच तिकिटं काढली होती. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. नागपूरकर त्याला सीताबर्डी म्हणण्याचे कष्टही घेत नाहीत. नुसतं बर्डी. "बर्डीवर जाऊन राहिलो." शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून शीतलाबद्री, त्याचं सीताबर्डी, अशी गोष्ट सांगतात. आमच्याकडे खडकाळ माळाला बरड म्हणतात, आणि वर चढताना पायाखाली नेमका तसलाच दगड होता. माझा आपला तर्क.

सकाळी ओळखपत्र दाखवून रांग लावली. अर्ध्या रांगेत शाळेची पोरं, अर्ध्या रांगेत माझ्यासारख्या गुडघे चोळणाऱ्या बायका. दोन टेकड्या आहेत, एक मोठी, एक लहान. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथं आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रजांची पलटण भिडली. तेव्हा हा असा भरभक्कम किल्ला नव्हता, उघड्या टेकड्या आणि शेजारी इंग्रज रेसिडेंटचं ठाणं. आप्पासाहेबांकडे माणसं कितीतरी पटींनी जास्त. लहान टेकडी त्यांच्या अरब सैनिकांनी घेतलीही. तरी डाव गेला. जिंकत आलेली टेकडी घोडदळाच्या एका धडकेनं आणि दारूगोळ्याच्या एका स्फोटानं हातची गेली असं वाचलं होतं. उभं राहून पाहिल्यावर दोन टेकड्यांमधलं अंतर बघून अंगावर काटा आला. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच आहे.

वर १८५७ मध्ये फाशी दिलेल्यांच्या कबरी आहेत. त्यांतले नवाब कादर अली हे टिपू सुलतानाचे नातू असं सांगितलं जातं. थोड्याच अंतरावर पंचम जॉर्ज राजा आणि मेरी राणी इथं येऊन लोकांना दर्शन देऊन गेले त्याची खूण. एका वळणावर फाशी, पुढच्या वळणावर दरबार. एक शाळकरी मुलगी बाईंना विचारत होती, "मॅडम, यातले आपले कोण?"

खाली उतरून टेकडीच्या गणपतीला नमस्कार केला, गर्दी बम होती, आत गेलो नाही.

मग झीरो माईल. चार उधळलेले घोडे, एक वालुकाश्माचा खांब आणि एक सहा बाजूंचा दगड. भारताचा मध्यबिंदू म्हणून सगळे इथं फोटो काढतात. तसं ते नाही. १९०७ मधली ती इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे. दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हापुढे तीन आकडे. एका फुटाचा हजारावा भाग मोजणाऱ्या माणसांनी मध्य मोजताना अंदाजपंचे काम केलं नसतं. त्यांना मध्य काढायचाच नव्हता, उंची हवी होती. व्याह्यांना हे पटलं नाही. "तुम्ही काहीही सांगा, मध्य इथंच आहे." त्यांच्या घरापासून मोजलं तर बरोबरच आहे.

तिथून हाकेवर गोवारी शहीद स्मारक आहे. फोटो काढणारे इकडे फारसे वळत नाहीत. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, आदिवासी म्हणून मान्यता मागायला. चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरं पुष्कळ. गोवारी म्हणजे गाई राखणारे लोक.

मी भाषेची बाई, म्हणून यातली एक गोष्ट मला सोडवत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत नाव आहे 'गोंड गोवारी'. हे एकच नाव, की यात गोवारी वेगळे? त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेचा अर्थ काय? २०१८ मध्ये नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. मी जन्मभर पोरांना सांगत आले की शब्द जोडून लिही, तोडून लिहू नकोस, अर्थ बदलतो. अर्थ बदलला तर एक मार्क जायचा.

व्याही तिथं एकदम गप्प झाले होते. परत येताना म्हणाले, "मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. जोडे पडून होते रस्त्यावर. लय जोडे."

चौथा दिवस (२७ जानेवारी)

काटोल रस्त्यानं जुनापाणी. शहर संपतं तिथं सात-आठ किलोमीटरवर झुडपी माळ लागतो आणि त्यावर दगडांची वर्तुळं. एकदोन नाहीत, तीनशेच्या आसपास. इसवी सनापूर्वीच्या लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांभोवती रचलेली. नुसतं पाहिलं तर कुणी शेतातले धोंडे बाजूला सारलेत असं वाटेल. मी तर एका दगडावर बसून पाणी प्यायले, मग लक्षात आलं की मी कुणाच्या तरी समाधीवर बसलेय. उठून पदर सारखा केला.

काही दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत. करंगळीचं टोक बसेल इतके, ओळीत. व्याह्यांनी बोट घालून मोजले, "सात, आठ... हे पोट्ट्यांनी नाही केले जी, कोणीतरी बसून केले." रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं या खळग्यांबद्दल १८७९ मध्येच लिहिलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्व खात्यानं रीतसर उत्खनन केलं. याच भागात माहुरझरीला घोड्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने निघाले आणि नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी. म्हणजे १७०२ च्या आधी इथं काहीच नव्हतं असं नाही. लोखंड तापवणारे होते, घोड्याला नटवणारे होते. त्यांची भाषा कोणती, याची एक अक्षरही खूण नाही. मोजून कोरलेले खळगे आहेत, बस.

दुपारी वर्धा रोडनं टाकळघाट. इथंही अशीच वर्तुळं, पण मी गेले ते स्टीफन हिस्लॉप या माणसासाठी. स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा काढली, दगड गोळा केले, जीवाश्म धुंडाळले. एका खनिजाला त्याचं नाव आहे. शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं. धर्म वाढवायला आलेला माणूस, पण त्यानं खरं जे केलं ते म्हणजे ऐकलं. गोंडांचे भाट, परधान, त्यांच्या तोंडून त्यानं लिंगो या गोंडांच्या आद्यपुरुषाची गाणी उतरवून घेतली, गोंडीतच, शब्द न् शब्द. ४ सप्टेंबर १८६३ ला तो टाकळघाटची वर्तुळं बघायला आला होता. संध्याकाळी बोरीच्या छावणीकडे घोड्यावरून एकटाच निघाला. ओढ्याला पूर होता. घोडा छावणीत परतला, तो परतला नाही. त्याची टिपणं रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापली.

आम्ही गेलो तेव्हा ओढ्यात घोट्याएवढंही पाणी नव्हतं. पुलावर एक जण खर्रा घोटत बसला होता. खर्रा घोटणं बघण्यासारखं असतं: सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात, आणि तो कागद फळीवर पुढे-मागे, पुढे-मागे, अर्धा मिनिट, एका लयीत. "काय पाहून राहिले काकू?" त्यानं विचारलं. ओढा, मी म्हटलं. "यात का आहे पाहाले?" त्याचंही बरोबर.

मला गोंडी येत नाही. व्याह्यांच्या ओळखीच्या एका गोंड गृहस्थांशी परतताना थोडं बोलणं झालं. डोळ्याला काय म्हणता? कन. हाताला? कय. माझी एक जाऊ सांगलीची, तिचं माहेर कानडी. ती डोळ्याला कण्णु म्हणते आणि हाताला कै. छिंदवाड्याच्या जंगलातली भाषा आणि कृष्णाकाठची भाषा सख्ख्या बहिणी निघाव्यात आणि मधे मी मराठी घेऊन बसलेली, असं झालं. गोंडी द्राविडी कुळातली आहे हे पुस्तकात मी शंभर वेळा वाचलं होतं. तो 'कन' कानावर पडला तेव्हा कळलं.

अजब बंगल्यात शेवटचा तासभर मिळाला. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३, म्हणजे हिस्लॉप बुडाला त्याच वर्षी. लोकांनी 'अजब' केलं आणि तेच चिकटलं. बालाघाटजवळच्या गुंगेरियात १८७० मध्ये तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे एकाच ठिकाणी सापडले होते. बरेचसे लंडनला गेले. इथं जी काही तांब्याची पाती आहेत ती पाहायला माझ्याशिवाय फक्त एक रखवालदार होता, तोही जांभई देत.

पाचवा दिवस (२८ जानेवारी)

गाडीच्या आधी सकाळचे काही तास होते. मुलीला सुट्टी होती, तिच्याबरोबर दीक्षाभूमीला गेले. घुमट बाहेरून भरीव वाटतो. आत शिरलो की कळतं, पूर्ण पोकळ आहे. पावलांचा आवाजसुद्धा वर जाऊन परत येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. स्तूपाचं उद्घाटन २००१ मध्ये झालं. बाहेरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, पांढरं पातळ, हातात नातवाची चप्पल. त्यांनी आपणहून सांगितलं, "माया बाप आला होता त्या दिवशी. उमरेडहून. पायी."

दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं होतं. नाग लोकांनी बौद्ध धर्म भारतभर नेला, त्यांची वस्ती या भागात होती, इथून वाहणारी नदी नाग नदी. राजकीय कारण शोधणाऱ्यांना त्यांनी स्वच्छ नाही म्हटलं. भाषण मराठीत होतं. ती नाग नदी मी चार दिवस स्कूटरवरून ओलांडत होते आणि प्रत्येक वेळी नाकाला पदर लावत होते.

मुलगी म्हणाली, "आई, बाबांना फोन करते, घ्यायला येतील." तिचे बाबा म्हणजे आता व्याही. मी फोन हातात घेतला. वाटलं, आपणच विचारावं, कुठवर आलात.

पलीकडून क्षणभर शांतता. मग सावकाश, एकेक शब्द तोलून, आठवीच्या परीक्षेतल्यासारखं उत्तर आलं:

"विहीणबाई, मी फाटकाजवळ पोहोचलेलो आहे. आणि उभा आहे. येऊन राहिलेलो नाही."

बाहेर आलो तर खरंच उभे होते. हेल्मेट काखेत, आणि खर्र्याची पुडी घाईघाईनं खिशात सारत.